काचमण्यांचा विंझणा

काठियावाडातून व्यापारानिमित्त महाराष्ट्रात स्थिरावलेल्या एखाद्या जैन कुटुंबाच्या जुन्या पेटाऱ्यात मलमलीत गुंडाळलेला काचमण्यांचा पंखा अद्याप सापडतो. असा पंखा वाऱ्यापेक्षा मानासाठी अधिक असे. मुलीच्या आण्यातून तो सासरी जाई आणि तिच्या माहेरच्या हातांचे कसब तेथे पाहिले जाई.

हे मणी मूळचे व्हेनिसचे. एकोणिसाव्या शतकात जांजीबार व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी व्यवहार असलेल्या गुजराती व्यापाऱ्यांनी ते काठियावाडात आणले आणि तेथे मोतीभरताची कला बहरली. या कामाला कापडाचा आधार नसतो. सुईत मणी ओवून मागील ओळीतील मण्यांत गुंफत जाळे वाढवायचे. चित्र रेखाटून ठेवता येत नाही, ते मोजूनच उतरते. म्हणूनच पांढऱ्या भूमीवरील हत्तीची पाठ किंचित पायऱ्यापायऱ्यांची दिसते. पूर्ण झालेला चौकोन मग कापडावर शिवून त्याला झालर लावली जाई. दांडा कातारी घडवत असे. सरकावर लाकूड फिरवून त्यावर रंगीत लाखेचे पट्टे चढवलेले असत. दांड्यावरील पोकळ नळी मुठीत धरून मनगट हलवले की चौकोन निशाणासारखा गरगर फिरतो.

आणि तरीही या घरांच्या गुरूंनी पंख्याचा वारा कधी स्वीकारला नाही. दशवैकालिक सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात साधूंना वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींत पंख्याने वारा घेणेही आहे, कारण त्यात वायुकाय जीवांची विराधना होते. श्वेतांबर मंदिरात मात्र प्रभूंपुढे चामर व पंखा भक्तीने ढाळला जातो. ज्या हातांनी इतका सुंदर पंखा विणला, त्याच हातांना तो केव्हा खाली ठेवायचा हेही ठाऊक होते.

आता या पंख्यांना खरा धोका मण्यांचा नव्हे, दोऱ्याचा आहे. काच टिकते, सूत कुजते. एका कोपऱ्याने उचलताच एखादा टाका तुटतो आणि मणी ओघळू लागतात. दांडा काढून नुसता चौकोन चौकटीत बसवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास पंखा उरत नाही, उरते केवळ भिंतीवरचे चित्र. त्याला पाणी लावू नये, खिळ्याला टांगू नये. खाली पुठ्ठा सरकवून दोन्ही हातांनी उचलावा, धुतलेल्या कोऱ्या मलमलीत आडवा ठेवावा. आणि तो कोणी विणला हे सांगणारी आजी घरात असेल, तर तिचे नाव एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे.