लढाईत कमावले, तहात...?

राक्षसभुवन म्हटलं की आपल्याला शनीचं दर्शन आठवतं. पण गेवराई तालुक्यातील याच गोदाकाठी १० ऑगस्ट १७६३ रोजी मोठी लढाई झाली. गोदावरीला पूर होता. निजामअली अर्धी फौज घेऊन पलीकडे गेला आणि अलीकडे राहिलेल्या फौजेवर थोरले माधवराव पेशवे तुटून पडले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. पुढे सप्टेंबरमध्ये औरंगाबादला तह झाला व निजामाने ८२ लाखांचा मुलूख सोडला.

शाळेत आपण इथपर्यंतच शिकतो. लढाई कोण जिंकलं हे पाठ असतं, पण तह किती टिकला हे कोणी विचारत नाही!

जिंकणारा साधारणपणे तीन गोष्टी मागतो : मुलूख, पैसा आणि ओलीस. मार्च १७९५ मध्ये आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्ड्याला मराठ्यांनी तिन्ही मागितल्या. दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख, तीन कोटी रुपये आणि निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क. किल्ल्यात कोंडलेल्या निजामाने सगळं कबूल केलं.

मग झालं काय? ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वारले. गादीवर कोण बसणार यावरून पुण्यात भांडणं लागली. नाना फडणविसांना निजामाचीच मदत हवी झाली. १७९६ मध्ये महाडला नवा करार झाला आणि खर्ड्याला मिळवलेलं बहुतेक सोडून द्यावं लागलं. दिवाण तर आधीच सुटला होता.

युरोपातही असंच घडलं. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली व्हर्सायला जर्मनीला चर्चेत न घेता अटी ठरल्या. पण विजेत्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. अमेरिकेच्या सिनेटने तर तो तह मंजूरच केला नाही. वीस वर्षांत पुन्हा महायुद्ध पेटलं.

म्हणजे हरलेला सही करतो ती नाइलाजाने, आणि मग वाट पाहतो ती जिंकणाऱ्यांच्या भांडणाची. तहाचा कागद कितीही पक्का असो, तो पाळून घेणारे एक नसतील तर त्याला अर्थ नाही. खर्ड्याला मराठे जिंकले, तरी आपला बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातच होता. आपले आजे-पणजे त्याच राज्यात वाढले.

पुढच्या वेळी राक्षसभुवनला गेलात तर दर्शन झाल्यावर घटकाभर नदीकडे बघा, आणि तहाचीही आठवण काढा.