गणवेशानंतर – लेखांक ६ : पलटण सोडली, फौज सुटत नाही

मागच्या आठवड्यात पेन्शनची कागदपत्रे पाहिली. आजचा प्रश्न वेगळा आहे. पूर्णवेळ नोकरी संपल्यावर फौजेशी अर्धवेळ नाते ठेवता येते का, आणि ठेवायचे तर घर, शेत, नोकरी सांभाळून ते निभवायचे कसे?

अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला जवान शिपाई म्हणूनच राहिला, तर सदतीस-अडतिसाव्या वर्षी घरी येतो. साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे, खानदेशात असे माजी सैनिक गावोगाव भेटतात. अंग कमावलेले असते. कोणी सिग्नल्समधला असतो, कोणी तोफखान्यातला, कोणी बर्फाळ चौक्यांवर हिवाळे काढलेला. गावी आल्यावर तो बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभा राहतो किंवा उसाच्या पाळीपाण्याला लागतो. दोन्ही कामे इमानाची आहेत. मात्र देशाने इतकी वर्षे घालून घडवलेला माणूस चाळिशीच्या आत संरक्षणाच्या हिशेबातून जवळजवळ पुसला जावा, हे मला फार खटकते.

पूर्वी असे नव्हते. इंग्रजांनी १८८८ साली भारतीय राखीव दल कायदा केला आणि स्वातंत्र्यानंतरही ती पद्धत चालू राहिली. जवान काही वर्षे पलटणीत काढायचा, मग घरी जायचा. पण नाव राखीव यादीत असायचे आणि बोलावणे आले की हजर व्हायचे. पलटणीतली आणि राखीव यादीतली मिळून १५ वर्षे भरली की ‘रिझर्व्हिस्ट पेन्शन’ लागू होई. रक्कम लहान असे, पण नाते दोन्ही बाजूंनी मान्य असे.

१९७६ मध्ये धोरण बदलले. पलटणीतला काळच वाढवून १७ वर्षांपर्यंत नेला गेला. जवानाच्या बाजूने ही चांगली गोष्ट झाली, कारण बहुतेकांना पूर्ण पेन्शन मिळू लागली. पण राखीव यादीचे महत्त्व गेले. २०२२ पूर्वीच्या भरतीच्या अटींत निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांच्या राखीव सेवेचे कलम असे. कित्येक जवानांना ते आपल्या कागदांत आहे हेही आठवत नाही.

या बदलात नौदलातले काही लोक मधल्यामध्ये अडकले. त्यांची भरती दहा वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि गरज भासल्यास पुढची दहा वर्षे राखीव, या अटीवर झाली होती. सरकारने राखीव ताफाच बंद केला. पूर्ण पेन्शनला वर्षे कमी आणि राखीव सेवेची वाट बंद, अशा स्थितीत दहा वर्षे समुद्रावर काढलेली माणसे रिकाम्या हाताने घरी आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. राखीव ताफ्यात प्रत्यक्ष बदली झाली नसल्याने राखीव सेवेची पेन्शन मिळणार नाही, पण विशेष पेन्शनचा हक्क आहे, असा निकाल २०१६ मध्ये आला. मध्ये चाळीस वर्षे गेली होती. अर्धवेळ सेवेच्या अटी ढिसाळ ठेवल्या की किंमत कोण मोजतो, हे या खटल्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशात दिसत नाही.

आता आज उपलब्ध असलेल्या वाटेकडे येऊ. ती म्हणजे प्रादेशिक सेना, सगळ्यांच्या तोंडी ‘टी.ए.’. कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. कपिलदेव आणि धोनी यांच्या मानद हुद्द्यांमुळे अनेकांना ती नाव मोठे करण्याची जागा वाटते. तो समज टाकून द्यावा. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत टी.ए.च्या तुकड्या होत्या. मे २०२५ मध्ये, ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत, केंद्राने लष्करप्रमुखांना टी.ए. बोलावण्याचे अधिकार दिले आणि ३२ पायदळ बटालियनपैकी १४ ‘एम्बॉडी’ करायला, म्हणजे पूर्णवेळ सेवेवर घ्यायला, मंजुरी दिली. त्या आठवड्यात ही अर्धवेळ सेवा कशासाठी आहे ते देशाला दिसले.

मराठी माणसाला ही वाट दूरची नाही. मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली १०१ टी.ए. बटालियन पुण्यात आहे आणि १०९ कोल्हापुरात. भरती मेळाव्यांत नव्या तरुणांबरोबर माजी सैनिकांनाही संधी असते. वयोमर्यादा साधारण १८ ते ४२. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर दहा किंवा चौदा वर्षे काढून पेन्शनविना बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांनाही टी.ए.चे दार उघडे आहे. माझ्या मते हिचा खरा उपयोग त्यांनाच आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत मोठ्या पदांवर बसलेले असे कितीतरी माजी कॅप्टन आणि मेजर आहेत.

तरी काही गोष्टी अर्ज भरण्याआधी घरात बसून बोलून घ्याव्यात. टी.ए. ही नोकरी नाही. तुमचा पोटापाण्याचा स्वतंत्र उद्योग आहे असे ती गृहीत धरते. पायदळात वर्षाला साधारण दोन महिने प्रशिक्षण असते आणि तेवढ्या काळाचा पगार नियमित फौजेप्रमाणे मिळतो. एम्बॉडी झालात तर पगार चालू, पण मुक्काम काश्मीरमध्येही असू शकतो आणि किती काळ ते आपल्या हातात नसते. इथली स्वतंत्र पेन्शन प्रत्यक्ष एम्बॉडी सेवेच्या बेरजेवर ठरते: जवानाला १५ वर्षे, अधिकाऱ्याला २०. प्रशिक्षणाला येऊन-जाऊन राहिलेल्याच्या वाट्याला ती सहसा येत नाही. पेन्शनच्या आशेने या वाटेला जाऊ नये.

हुद्द्याची गोष्ट त्याहून नाजूक आहे. हवालदार म्हणून घरी आलेल्या माणसाला फेरभरतीत बहुधा शिपाई म्हणूनच उभे राहावे लागते. कन्नूरला केंद्र असलेल्या डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये जाणाऱ्यांचा अनुभवही तोच, आणि ती तर पूर्णवेळ नोकरी. ज्याने दहा जणांचे सेक्शन चालवले, त्याला वयाने लहान नाइकाचा हुकूम ऐकताना काय वाटते, हे फौजी घरातल्यांना वेगळे सांगायला नको. वहिनींनीही हा प्रश्न आधीच विचारून ठेवावा. मनाची तयारी असेल तरच पुढे जावे.

ज्यांना बंदुकीपेक्षा मातीचे काम अधिक भावते, त्यांच्यासाठी टी.ए.तच पर्यावरण बटालियन आहेत. १९८२ मध्ये मसुरीच्या उघड्या पडलेल्या डोंगरांवर पहिली उभी राहिली. गढवालच्याच माजी सैनिकांनी चुनखडीच्या खाणींनी पोखरलेल्या उतारांवर पुन्हा झाडे उभी केली. नंतर जैसलमेरच्या वाळूत कालव्याकाठी तेच झाले. मराठवाड्यात महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ बटालियन हेच काम करते. रोप लावणे सोपे. पहिले तीन उन्हाळे ते जगवणे ही शिस्तीची गोष्ट आहे, आणि ती शिस्त या माणसांकडे तयार असते.

नोकरीत असलेल्याला सर्वांत मोठी भीती मालकाची असते. टी.ए. कायद्यातले कलम ‘सात-अ’ त्यासाठीच आहे. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या कर्मचाऱ्याला रजा देणे आणि परतल्यावर आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर घेणे, हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. ते मोडल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड, आणि सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम कर्मचाऱ्याला. हजार रुपयांचा धाक आज कोणाला वाटणार? अमेरिकेत महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे सराव करणारे राखीव सैनिक नोकरीत टिकतात, त्यामागे १९९४ चा कडक कायदा आहे. सेवेमुळे बुडालेली बढतीसुद्धा परतल्यावर द्यावी लागते. आपल्याकडचा दंड तरी वाढवावा.

हे सारे आता निकडीचे झाले आहे, कारण २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतील. बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन विशीतच घरी येतील. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत, पण राखीव सेवेची साखळी योजनेत गुंफलेली नाही. कारगिल आढावा समितीने फौजेतला काळ सात ते दहा वर्षांवर आणावा असे सुचवताना, या माणसांना निमलष्करी दलांत आणि नंतर पोलिसांत वा राष्ट्रीय सेवा दलात सामावून घ्यावे, असेही सुचवले होते. आपण काळ कमी केला आणि पुढच्या पायऱ्यांचे काम अर्धवट ठेवले. चार वर्षे झालेल्या अग्निवीराला टी.ए.त थेट प्रवेश, वर्षाला महिनाभर सराव आणि त्याचा मोबदला, एवढी सोय तरी केंद्राने करावी.

तोवर इथे करण्यासारखे एक काम आहे. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, जिल्हा बँका, शिक्षण संस्था यांच्याकडे माजी सैनिक कामाला आहेतच. त्यांच्या सेवानियमांत टी.ए. प्रशिक्षणासाठी दोन महिन्यांच्या रजेचे आणि ज्येष्ठता अबाधित ठेवण्याचे कलम घालता येईल. त्यासाठी दिल्लीकडे पाहायची गरज नाही, संचालक मंडळाचा ठराव पुरेसा आहे.