पोट दुखतंय म्हणणारी पोरं

मन बिघडलंय असं लहान मूल सांगत नाही. ते पोट दुखतंय म्हणतं. कुणाचं डोकं ठणकतं, कुणी प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडतं, एखाद्या नववीतल्या मुलीची परीक्षेच्या आदल्या दिवशी दातखिळी बसते, तिसरीतला पोरगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतो. आधी सिरप मिळतं, मग जंताची गोळी, मग कराडला जाऊन सोनोग्राफी. सगळं 'नॉर्मल' आलं की घरात कुजबुज सुरू होते. देवऋषी गाठला जातो, अंगारा लावला जातो. एवढं झाल्यावर कुणी शिक्षक किंवा आशाताई हळूच सुचवते, "मनाच्या डॉक्टरांना दाखवून बघा की."

समाजकार्याची विद्यार्थिनी म्हणून माझी इंटर्नशिप झाली ती या वाटेच्या शेवटच्या टोकाला, एका मोठ्या रुग्णालयाच्या बाल व किशोर मानसिक आरोग्य विभागात. माझं बालपण कोयनानगरच्या प्रकल्प वसाहतीत गेलं. त्यामुळे पाटणच्या वरच्या अंगाची माणसं ओपीडीत आली, की त्यांच्या बोलण्यावरूनच मला गावं ओळखू यायची. इथे ज्या मुलांविषयी लिहिते आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहायचं आहे ते या कामाविषयी, कारण ते कसं चालतं हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

हे काम आपल्या राज्याला नवं नाही. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं आणि दुसऱ्याच वर्षी, 1937 मध्ये, तिथे बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. देशातलं ते पहिलं मानलं जातं. डॉ. के. आर. मसानी यांचं नाव त्या सुरुवातीशी जोडलेलं आहे. हेच विद्यालय पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झालं आणि केंद्राला 'मुस्कान' हे नाव मिळालं. केंद्र रुग्णालयात नव्हे, समाजकार्याच्या विद्यालयात जन्माला आलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलाची अडचण फक्त त्याच्या डोक्यात नसते. ती घरात, शाळेत, गल्लीतही असते आणि तिथे जाणारं माणूस लागतं, हे त्या काळात ओळखलं गेलं होतं. विद्यार्थ्यांना घरभेटीला पाठवायची पद्धत याच विचारातून आली.

चाचण्यांची गोष्टही अशीच आपल्या मातीतली. मुलाची बुद्धिमत्ता मोजायला आजही जी बिने-कामत चाचणी वापरतात, ती व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांवर प्रमाणित केली. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1940 चं. मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, एकटं दुकानात जातं का, अशा प्रश्नांतून त्याची सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या मूळ अमेरिकी श्रेणीचं भारतीय रूप नागपूरला डॉ. ए. जे. मालिन यांनी तयार केलं. आमच्या कपाटात या दोन्हींच्या झिजलेल्या प्रती होत्या. शेजारी सेग्विन फॉर्म बोर्ड: लाकडी फळीत दहा आकारांच्या खाचा, मुलाने ठोकळे भराभर त्यांत बसवायचे, तीनदा. सगळ्यांत कमी वेळ लागला तो धरायचा. बोलायला बुजणारं मूलही ठोकळे हातात आले की खुलतं, म्हणून बरेचदा सुरुवात तिथूनच होते.

पण चाचणी हा कामाचा लहानसा भाग. खरं काम केस हिस्ट्रीचं. पहिल्या भेटीत मुलाला चटईवर खडू-कागद देऊन बसवायचं आणि सोबतच्या मोठ्या माणसाशी बोलायचं. बाळंतपण कुठे झालं, बाळ लगेच रडलं का, मान कधी धरली, पहिला शब्द कोणता, झोप कशी, घरात कोण कोण, कुणाला फिट येतात का, शाळा कधी बदलली. विद्यार्थ्याला वाटतं हा फॉर्म आहे. हळूहळू कळतं की उत्तरापेक्षा उत्तर कोण देतंय ते बघायचं असतं. आई बोलायला लागली की बाप मध्येच तोडतो का? आजी नातवाकडे बघून बोलते की भिंतीकडे? आणि चटईवरचं मूल, ज्याचं आपल्याकडे लक्ष नाही असं सगळ्यांना वाटतं, ते कोणत्या शब्दाला खडू चालवायचं थांबतं?

संध्याकाळी हे सगळं उतरवून काढायचं. त्याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात: ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, त्या वेळी मला काय वाटलं, असं ओळीने. आमच्या सुपरवायझर मॅडम त्यावर तांबड्या पेनाने एकच प्रश्न वारंवार लिहायच्या, 'हे पाहिलंस की ठरवलंस?' 'आई निष्काळजी आहे' असं लिहिलं की हा शेरा यायचा. 'आईने मुलाची वही आणली नव्हती. शेतातून थेट एसटी धरली असं सांगितलं' असं लिहिलं की यायचा नाही. मानसिक आरोग्याच्या कामातली याहून मोलाची शिस्त मला दुसरी माहीत नाही. शिक्षकांनी, आमदारांनी, पत्रकारांनीही ती शिकावी.

आता कोयनेच्या खोऱ्याकडे येते, कारण तिथल्या मुलांच्या केस हिस्ट्रीत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली गोष्ट, मुंबई. पाटण तालुक्यातली पुरुष मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडी कामावर जात आली. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. बाप तिकडे, कधी आईही तिकडे आणि पोरं आजी-आजोबांकडे. गणपतीला आणि शिमग्याला घर भरतं, मग रिकामं होतं. एक आजी नातवाला घेऊन आली होती. पोरगा शाळेत जाईना, पोट धरून बसे. ती म्हणाली, "बाप गेला की चार दिस भ्या वाटतंया त्येला. माजं काय, म्या हाय आज, उद्या न्हाई." दुखणं कुठून येतंय हे तिने आमच्यासमोर मांडलंच होतं. मुलगा आजीच्या मरणाला भीत होता. तो शाळेत गेला आणि मागे आजी गेली तर? उपचारात औषध नव्हतंच. बापाचा रोज ठरलेल्या वेळी फोन, दुपारच्या सुट्टीत आजीला भेटून यायची गुरुजींकडून परवानगी, मग ती हळूहळू कमी करत नेणं. बापाला फोनवर समजावताना तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मॅडम, मीबी असाच वाढलोय."

दुसरी गोष्ट, हलणारी जमीन. कोयना धरण 103 मीटर उंचीचं, मागे शिवसागर जलाशय. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झालेल्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. जलाशयाच्या पाण्यामुळे चेतवल्या जाणाऱ्या भूकंपांचं जगातलं हे सर्वांत अभ्यासलेलं ठिकाण आहे, आणि छोटे धक्के आजही बसतात. वसाहतीतली पोरं भांडी वाजली की वर बघतात आणि पुन्हा जेवायला लागतात. या सवयीला लोक धीटपणा म्हणतात आणि पुष्कळ मुलांच्या बाबतीत तो खराच असतो. पण त्या पहाटेची आठवण ज्या घरांत कधी नीट बोललीच गेली नाही, तिथे ती आजोबांच्या न झोपण्यातून, दाराला कडी न लावण्यातून नातवंडांपर्यंत पोचलेली मी पाहिली आहे. 1967 साली मुलांच्या मनाची विचारपूस करणारी कोणतीही यंत्रणा या खोऱ्यात नव्हती. किल्लारीच्या भूकंपानंतर 1993 साली निदान मुलांसाठी माणसं धावली. भारतीय जैन संघटनेने 1200 च्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली, नळदुर्गला 'आपलं घर' उभं राहिलं.

आणि तिसरी गोष्ट, दरड. जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. ही गावं पाटण तालुक्यातलीच. अशा आपत्तीनंतर मुलांना काय हवं असतं याबद्दल आता जगभर बऱ्यापैकी एकमत आहे. त्यांना काय झालं ते वारंवार वदवून घेऊ नये. कॅमेऱ्यासमोर तर नाहीच. ओळखीचं माणूस जवळ असावं, शाळा लवकर भरावी, खेळायला जागा मिळावी, आणि गेलेल्या माणसाबद्दल 'गावाला गेलाय' असं खोटं सांगू नये. मूल तीच दरड मातीत पुन्हा पुन्हा रचून खेळत असेल तर खेळू द्यावं. महिना उलटूनही झोप, जेवण, बोलणं जागेवर आलं नाही, तर मात्र तज्ज्ञ गाठावा. पावसाचा आवाज वाढला की आईच्या पदराला गच्च धरणाऱ्या मुलाला 'भित्रं' म्हणणं थांबवलं, तरी अर्धं काम होतं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या मुलखात ही साधी जाण प्रत्येक शिक्षकाकडे असायला हवी.

किशोरवयाची ओपीडी वेगळी असते. तिथे खडू नसतात, बंद दार लागतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आईसमोर काही विचारणं म्हणजे न विचारणंच. म्हणून आधी आईला बाहेर बसवायचं आणि मुलीला स्पष्ट सांगायचं, तू बोलशील ते इथेच राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार केला असेल, तर मला ते पुढे सांगावं लागेल. 2012 च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती कळवणं बंधनकारक आहे. विद्यार्थ्याला हे वाक्य फार जड जातं. वाटतं, हे ऐकून मुलगी गप्प बसेल. प्रत्यक्षात बहुतेक मुली त्यानंतरच बोलतात, कारण समोरच्याने आधीच खरं सांगितलेलं असतं. तसंच मरणाच्या विचाराबद्दल. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. विचारलं नाही, तर मूल त्याच्याबरोबर एकटं राहतं.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली मुलं काही निराळी नाहीत. सरकारी व्यवस्था कागदावर बरीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातं, विकासातला विलंब तपासतं. 2014 पासून किशोरवयीनांसाठीचा कार्यक्रम आहे, त्यातली 'मैत्री' क्लिनिकं आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अल्पवयीन मुलाला दाखल करायची वेळ आलीच, तर पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहायचं आणि मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळं ठेवायचं, असंही ठरवून दिलं आहे.

कमी पडतो तो पाठपुरावा. कोयनानगर ते सातारा शंभर किलोमीटरच्या घरात. पहिल्या भेटीला माणूस उसने पैसे घेऊन येतो, रोज बुडवून येतो. दुसऱ्या भेटीला येतो तेव्हा पोरगं जरा बरं असतं. तिसऱ्या भेटीच्या तारखेला फाइल टेबलावर काढून ठेवलेली असते आणि कुणी येत नाही. इंटर्नने फोन करायचा असतो. फोन लागत नाही, कारण वाडीत रेंज नसते. मुलांचे मानसोपचार एका भेटीत होत नाहीत. शाळेत न जाणारं मूल परत वर्गात बसवायला आठवड्यागणिक कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी साताऱ्यात असून चालत नाही. माझ्या मते दर वर्षी कराड, सातारा, सांगलीहून समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकून बाहेर पडणारे विद्यार्थी ही या खोऱ्याची सर्वांत दुर्लक्षित शक्ती आहे. त्यांचं फिल्डवर्क शहरातल्या ओपीडीतच का संपावं? देखरेखीखाली, ठरवून, एका शाळेला पूर्ण वर्षभर त्यांना जोडता येईल. कोयनानगरला मुलांच्या मनाच्या ओपीडीचा एक ठरलेला वार असावा आणि तो बाजाराच्या वारासारखा लोकांच्या तोंडी बसावा. महाविद्यालयं आणि जिल्हा आरोग्य विभाग यांनी एकत्र बसून हे करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तोवर आई-वडिलांना आणि गुरुजींना एवढंच सांगणं: तपासण्या नॉर्मल असूनही मुलाचं दुखणं दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं, तर त्याला नाटकी म्हणू नका. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. मुलांवर अत्याचार किंवा संकट असेल तर 1098. दोन्ही क्रमांक शाळेच्या फळ्याशेजारी लिहून ठेवा.