पशुवैद्यकीय शिक्षणातील प्रतिमादर्शन

केवळ अध्यापनासाठी प्राणी मारणे किंवा जिवंत प्राण्यांवर वारंवार प्रयोग करणे टाळावे, या हेतूने क्ष-किरण, श्राव्यातीत ध्वनी, संगणकीय छेदचित्रण व चुंबकीय अनुस्पंदन यांच्या साहाय्याने मिळविलेल्या प्रतिमांचा शारीर आणि रोगनिदान शिकविण्यासाठी करण्यात येणारा उपयोग.

क्लोद बूर्झला यांनी १७६१ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे पशुवैद्यक विद्यालय स्थापन केले, तेव्हापासून विच्छेदन हा या शिक्षणाचा पाया मानला गेला. पॅरिसजवळील आल्फॉर येथील विद्यालयात ऑनॉरे फ्रागोनार यांनी त्वचा सोललेल्या देहांचे परिरक्षित नमुने तयार केले. त्यांपैकी घोडेस्वाराचा नमुना आजही तेथील संग्रहालयात पहावयास मिळतो. एका प्राण्याचा देह अनेक पिढ्यांनी अभ्यासावा, ही कल्पना त्यामुळे तशी जुनीच आहे. डब्ल्यू. एम्. एस्. रसेल व आर्. एल्. बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांऐवजी अन्य साधन वापरणे, प्राण्यांची संख्या कमी करणे व त्यांच्या यातना कमी करणे ही तीन तत्त्वे मांडली. भारतात प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या सतराव्या कलमात, पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांसारख्या साधनांनी तेवढेच काम भागत असेल, तर महाविद्यालयांत प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे सूचित केले आहे. येथे ‘तेवढेच’ ही अट महत्त्वाची आहे. वादाचा मूळ मुद्दाही तोच आहे.

साध्या क्ष-किरण चित्रात त्रिमितीय शरीराची छाया एका प्रतलावर पडते व अवयव एकमेकांवर आलेले दिसतात. म्हणून परस्परांशी काटकोनात घेतलेली किमान दोन चित्रे लागतात. गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या छेदचित्रणाचा रुग्णावर पहिला उपयोग १९७१ मध्ये झाला. या पद्धतीत शरीराभोवती फिरणाऱ्या क्ष-किरण नलिकेकडून मिळालेल्या मापनांवरून संगणक एकेका छेदाची प्रतिमा रचतो. प्रत्येक बिंदूची घनता त्यांच्याच नावाच्या मापनश्रेणीत सांगतात : हवा −१,०००, पाणी ०, तर दाट अस्थी +१,००० च्या आसपास किंवा त्याहूनही अधिक. त्यामुळे तीच माहिती एकदा अस्थींसाठी, एकदा फुप्फुसांसाठी व एकदा मऊ ऊतकांसाठी पाहता येते. विच्छेदनात एकदा कापलेला स्नायू पुन्हा जोडता येत नाही. येथे विद्यार्थी तोच छेद हवा तितक्या वेळा घेऊ शकतो.

प्रतिमांचा आणखी एक लाभ असा की, त्यांत जिवंत प्राण्याचे शरीर दिसते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या मृतदेहातील अवयव ताठर व विवर्ण होतात आणि फुप्फुसे आकसतात. उपचारासाठी आलेल्या कुत्र्याच्या छातीच्या छेदचित्रात मात्र हवेने भरलेली फुप्फुसे व हृदय आपापल्या जागी आढळतात. ही चित्रे निदानासाठी घेतलेलीच असल्याने अध्यापनाकरिता प्राण्याला वेगळा त्रास द्यावा लागत नाही. निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांच्या कवट्यांमधील प्रचंड फरक एका मृतदेहावरून कधीच समजत नाही; प्रतिमासंग्रहातून तो सहज समजतो. अशा माहितीवरून अस्थींच्या त्रिमितीय मुद्रित प्रतिकृतीही तयार करता येतात.

तथापि मर्यादाही मोठ्या आहेत. प्रौढ घोड्याचे डोके व पाय यंत्राच्या वर्तुळाकार विवरात मावतात, पण पोट सर्वसामान्य यंत्रात मावत नाही. प्रौढ गाय व म्हैस यांच्या बाबतीतही हीच अडचण येते. म्हणजे ग्रामीण पशुवैद्याला ज्या जनावरांवर रोज उपचार करावे लागतात, त्यांच्याच प्रतिमा तुटपुंज्या राहतात. या जनावरांच्या गर्भाशयाच्या तपासणीस श्राव्यातीत शोधक उपयोगी पडतो. परंतु तो गुदाशयातून फिरविण्यास शिकणे म्हणजे पुन्हा जिवंत जनावरच लागणे होय. एका गाईवर अनेक नवशिक्यांनी तपासणी केल्यास गुदाशयाला इजा होण्याची भीती असते. यावर उपाय म्हणून ब्रिटनमध्ये सारा बेली यांनी हाताला अवयवांच्या स्पर्शाचा भास करून देणारी संगणकनियंत्रित ‘गाय’ तयार केली.

ऊतकाचा ताण, रक्तस्राव आवरणे व टाके घालताना हातावर ठेवावा लागणारा दाब या गोष्टी चित्रांतून शिकता येत नाहीत. त्यांसाठी कृत्रिम प्रतिकृती, तसेच नैसर्गिकरीत्या किंवा रोगाने मेलेल्या प्राण्यांचे, मालकांनी स्वेच्छेने दिलेले देह वापरतात. अशा देहाचे आधी छेदचित्रण व मग विच्छेदन केल्यास विद्यार्थ्याला पडद्यावरील छाया व हातातील अवयव यांची सांगड घालता येते.