विमानवाहू जहाजावर विमान थांबते कसे?

मोटार थांबवायची असेल तर चालक अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. विमानवाहू जहाजावर उतरणारा वैमानिक मात्र चाके डेकला टेकताच इंजिन पूर्ण शक्तीने चालवतो. थांबायचे असताना हे असे उलटे का?

आधी जागेचा विचार करू. जमिनीवरची धावपट्टी दोन-तीन किलोमीटर लांब असते. जहाजावर थांबायला जेमतेम ९०-१०० मीटर मिळतात. तेवढ्यात चाकांचे ब्रेक पुरे पडत नाहीत. ऑगस्ट १९१७ मध्ये ब्रिटिश वैमानिक एडविन डनिंग चालत्या जहाजावर प्रथम उतरला, तेव्हा डेकवरच्या लोकांनी त्याचे हलके विमान हातांनी धरून थांबवले. पाचच दिवसांनी पुन्हा उतरताना विमान कडेवरून समुद्रात कोसळले आणि तो बुडाला.

आज हे काम पोलादी दोर करतात. आपल्या ‘विक्रमादित्य’वर असे तीन दोर डेकवर आडवे ताणलेले असतात. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यांपैकी एकात अडकतो व दोर विमानाबरोबर खेचला जातो. त्यामुळे डेकखालच्या यंत्रातील दट्ट्या सरकतो आणि द्रव अरुंद वाटेने जोरात ढकलला जातो. विमानाच्या गतिज ऊर्जेचे अशा रीतीने उष्णतेत रूपांतर होते.

थोडे गणित करू. समजा, हवेत तरून राहण्यासाठी विमानाला हवेच्या सापेक्ष सेकंदाला ६५ मीटर वेग लागतो. जहाज स्थिर असेल व वारा नसेल, तर डेकच्या सापेक्षही वेग तेवढाच. ९० मीटरमध्ये थांबायचे तर मंदन = ६५ × ६५ ÷ (२ × ९०), म्हणजे सुमारे २३.५ मीटर/सेकंद². हे गुरुत्वत्वरणाच्या २.४ पट झाले! वेळ फक्त २.८ सेकंद. आता समोरून सेकंदाला ५ मीटर वारा येत आहे आणि जहाज त्याच्या दिशेने सेकंदाला १० मीटर वेगाने चालले आहे असे माना. हवेच्या सापेक्ष वेग ६५ च राहील, पण डेकच्या सापेक्ष तो ५० होईल. वेग २३ टक्के घटला, परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती ४१ टक्के घटली. विमान उतरताना जहाजाचे तोंड वाऱ्याकडे वळवतात ते यासाठीच.

आता मूळ प्रश्न. आकडा दोरात अडकेलच याची खात्री नसते. तो निसटला तर दोन-तीन सेकंदांत डेक संपतो, आणि मंद केलेल्या जेट इंजिनाला पुन्हा पूर्ण शक्ती गाठायला वेळ लागतो. म्हणून शक्ती आधीच वाढवून ठेवायची. दोर अडकला तर तो इंजिनाचा जोर मोडूनही विमान थांबवतो. निसटला तर विमान पुन्हा झेप घेते. या झेपेसाठी पुढची वाट मोकळी हवी. त्यासाठी उतरण्याची पट्टी जहाजाच्या लांबीशी काही अंशांनी तिरपी ठेवतात. ब्रिटिश नौदलातील डेनिस कॅम्बेल यांची ही १९५१ ची कल्पना. १९६१ मध्ये दाखल झालेल्या आपल्या पहिल्या ‘विक्रांत’वरही तिरपा डेक होता.

समुद्रावर जाण्यापूर्वी हे सारे जमिनीवर तपासता येते. गोव्यात नौदलाच्या ‘हंसा’ तळावर तसेच दोर बसवले आहेत. ‘तेजस’च्या नौदल आवृत्तीने १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेथे दोराच्या साह्याने थांबून दाखवले. पुढे ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विमान ‘विक्रमादित्य’वर उतरवले.

विद्यार्थ्यांना विचारा : थांबण्याचे अंतर निम्मे केले, तर मंदन किती पट होईल?