भूकंप एका देशात, बोध सर्व देशांना

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सातारा जिल्ह्यातील कोयनानगर परिसराला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, दीड हजाराहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरातील बहुतेक घरांची हानी झाली. तेथून सुमारे २०० किलोमीटर दूर असलेल्या आपल्या गोव्यातही ती कंपने जाणवली.

या आपत्तीला आणखी एक बाजू होती. कोयना हे केवळ धरण नव्हे. ते पश्चिम महाराष्ट्राच्या विजेचे एक प्रमुख उगमस्थान होय. भूकंपानंतर तेथून मिळणारी वीज खंडित झाली आणि जेथे एकही भिंत पडली नव्हती अशा मुंबईतील उद्योगांनाही त्याची झळ पोहोचली. भूकंपाने होणारी हानी ही धक्का बसलेल्या गावापुरती मर्यादित राहत नाही, विजेच्या तारांवाटे ती दूरवर पोहोचते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

भूकंपानंतरचे पहिले काही तास जीवनमरणाचे असतात. ढिगाऱ्याखालील माणसांचा शोध घेण्यास प्रकाश हवा असतो, इस्पितळातील शस्त्रक्रियागृहास वीज हवी असते, आग विझविण्यास आणि पिण्यास लागणारे पाणी पंपांवाचून मिळत नाही. विजेची गरज सर्वाधिक असते त्याच घटकेला वीज नाहीशी होते. ही हानी कमी कशी करता येईल, याचा विचार जगातील अनेक देश गेली कित्येक दशके एकत्र येऊन करीत आहेत. त्या सहकार्याची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

वीजपुरवठ्याची साखळी

वीज आपल्या घरी पोहोचते ती एका लांब साखळीतून. प्रथम वीजनिर्मिती केंद्र, त्यानंतर उच्च दाबाच्या वाहिन्या व त्यांचे मनोरे, मग उपकेंद्र आणि शेवटी गावातील खांब व रोहित्र, ज्याला आपण ट्रान्सफॉर्मर म्हणतो. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते. भूकंपात ही दुबळी कडी बहुधा उपकेंद्रात आढळते.

उंच लोखंडी मनोरे जमिनीच्या हेलकाव्यांना सहसा दाद देत नाहीत, कारण सोसाट्याच्या वाऱ्याचा जोर सहन करण्यासाठीच ते उभारलेले असतात. उपकेंद्रातील यंत्रसामग्रीची गोष्ट वेगळी. तेथे चिनी मातीच्या उंच विद्युतरोधक स्तंभांवर जड उपकरणे बसविलेली असतात. चिनी माती विजेला अडविते, परंतु ती ठिसूळ असते. वाकण्याऐवजी ती तडकते. दोन उपकरणांना जोडणारी तार फार ताठ असली, तर हलणारे एक उपकरण दुसऱ्यालाही ओढून पाडते. शेकडो क्विंटल वजनाची रोहित्रे रुळांवर केवळ ठेवलेली असली, जखडलेली नसली, तर ती घसरतात वा कलंडतात. नियंत्रण कक्षातील विद्युतघटांच्या रांगा मांडणीवरून खाली कोसळल्या, तर उपकेंद्राचे नियंत्रण करणारी यंत्रणाच निकामी होते.

यांपैकी बहुतेक दोषांवरील उपाय साधे आहेत. रोहित्र पायाशी बोल्टांनी जखडणे, जोडतारेस पुरेशी ढील ठेवणे, विद्युतघटांच्या मांडणीस पट्ट्या बांधणे, ही कामे करण्यास फार मोठे भांडवल लागत नाही. ती करावयास हवीत हे आधी ठाऊक असावे लागते.

एकट्याचा अनुभव अपुरा

हे ज्ञान एखाद्या देशास स्वतःच्या अनुभवातून का मिळू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भूकंपाच्या स्वभावातच आहे. पूर दरसाल येतात, वादळे दर काही वर्षांनी येतात. परंतु एकाच ठिकाणी मोठा भूकंप पुन्हा होण्यास अनेक पिढ्या लोटू शकतात. एखाद्या अभियंत्याच्या संपूर्ण सेवाकालात त्याच्या उपकेंद्राला एकही मोठा धक्का बसत नाही. आपली व्यवस्था भक्कम आहे की केवळ दैवाने वाचली आहे, हे त्याला कळण्यास मार्ग नसतो.

उलट, सर्व जगाचा विचार केला तर मोठे भूकंप वारंवार होतात, आणि रोहित्रे, विद्युतरोधक व धरणे सर्व देशांत जवळजवळ सारख्याच तत्त्वावर बांधलेली असतात. म्हणूनच कॅलिफोर्नियात जे तुटले ते गुजरातेत तुटू शकते आणि जे जपानमध्ये टिकले ते गोव्यातही टिकू शकते. एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाच्या उपयोगी पडावा, हेच या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय सहकार्याचे मूळ सूत्र होय.

कोयनेने जगाला काय दिले?

या देवाणघेवाणीत आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. कोयना धरणाची उंची १०३ मीटर. भूकंपाच्या वेळी धरणाच्या आत कंपनांची नोंद करणारे यंत्र कार्यरत होते. गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६३ टक्के एवढा कमाल प्रवेग त्या यंत्राने नोंदविला. धरणाची आखणी मात्र तत्कालीन पद्धतीनुसार केवळ ५ टक्के गृहीत धरून झाली होती. धरण फुटले नाही. परंतु त्याच्या वरच्या भागात, जेथे मागील बाजूचा उतार एकदम बदलतो तेथे, आडव्या भेगा पडल्या. पुढे जाड काँक्रीटचे आधार बांधून धरण मजबूत करण्यात आले. कोयनेची ती नोंद आणि त्या भेगांचे स्थान जगभरच्या धरण-अभियंत्यांनी अभ्यासले. आपली गणितपद्धती बरोबर आहे किंवा नाही, हे पडताळून पाहण्यासाठी ते आजही कोयनेचे उदाहरण घेतात.

कोयनेपूर्वी चीनमधील शिनफेंगच्यांग येथे १९६२ मध्ये, झांबिया व झिंबाब्वे यांच्या सीमेवरील करीबा येथे १९६३ मध्ये आणि ग्रीसमधील क्रेमास्ता येथे १९६६ मध्ये मोठ्या जलाशयांच्या परिसरात भूकंप झाले होते. या चारही घटना एकत्र ठेवल्यानंतरच जलाशय व भूकंप यांच्या संबंधाचे स्वरूप शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले. जलाशयाचा भार आणि खडकांच्या भेगांत मुरणारे पाणी यांमुळे, मुळातच ताणाखाली असलेला खडक सरकण्यास निमित्त मिळू शकते. युनेस्कोने या प्रश्नासाठी आंतरराष्ट्रीय कार्यगट नेमला व त्याची पहिली बैठक १९७० मध्ये भरली. हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था कोयनेच्या भूकंपांचा दीर्घकाळ अभ्यास करीत आली आहे. या परिसरात खोल छिद्र पाडून भूकंपाचे मूळ अभ्यासण्याच्या प्रकल्पातही परदेशी शास्त्रज्ञांचा विचारविनिमय लाभला, आणि सुमारे ३ किलोमीटर खोलीचे प्रायोगिक छिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले.

जगाकडून काय मिळाले?

९ फेब्रुवारी १९७१ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात भूकंप झाला. लॉस एंजेलिसजवळील सिलमार येथील वीजरूपांतर केंद्र त्या वेळी अगदी नवे होते. तरीही त्याची मोठी हानी झाली. नवेपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे, हा धडा घेऊन तेथील अभियंत्यांनी उपकेंद्रांच्या सामग्रीसाठी भूकंपविषयक कसोट्या ठरविल्या. यंत्र विकत घेण्यापूर्वी ते हादरणाऱ्या मंचावर चढवून कृत्रिम भूकंप देण्याची पद्धत रूढ झाली. अशी चाचणी करण्याची सोय आपल्या देशात बंगळुरू येथील केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत आहे.

१७ जानेवारी १९९५ रोजी जपानच्या कोबे शहरात झालेल्या भूकंपात सुमारे २६ लाख ग्राहकांची वीज गेली. ती एका आठवड्याच्या आत पूर्ववत झाली. जमिनीखालील नळांतून येणारा गॅस मात्र सर्वांना मिळण्यास जवळजवळ तीन महिने लागले. कोबेत आणखी एक गोष्ट निदर्शनास आली. वीज परत येताच पडझड झालेल्या काही घरांत आगी लागल्या. घरे सोडून गेलेल्या लोकांची विजेची उपकरणे चालूच राहिली होती आणि काही तारा तुटलेल्या होत्या. पुरवठा त्वरेने सुरू करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो तपासून सुरू करणे महत्त्वाचे, ही शिकवण कोबेने सर्व देशांना दिली.

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथील वीजवितरण संस्थेने इतरत्रच्या या अनुभवांपासून वेळीच बोध घेतला. मोठा भूकंप होण्याच्या कितीतरी वर्षे आधी तिने आपली उपकेंद्रे व त्यांच्या इमारती मजबूत करण्यास आरंभ केला. या कामी सुमारे ६० लाख डॉलर खर्च झाले. २०१० व २०११ मध्ये तेथे मोठे भूकंप झाले, तेव्हा त्या खर्चामुळे सुमारे ६ कोटी डॉलरांची सामग्री वाचली, असा हिशेब त्या संस्थेने मांडला. एक रुपया आधी खर्च करून दहा रुपये वाचविण्याचाच हा व्यवहार झाला.

भुजचा अनुभव

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी गुजरातमधील कच्छ भूकंपाने हादरला. हजारो माणसे दगावली. त्या वेळच्या गुजरात वीज मंडळाचे मुख्यालय असलेल्या वडोदऱ्यात मराठी भाषिकांची जुनी वस्ती आहे. त्यामुळे कच्छमधील वीजव्यवस्थेची ही दुर्दशा मराठी घरांनाही परकी नव्हती. कच्छमधील अनेक उपकेंद्रांच्या नियंत्रण-इमारती कोसळल्या. पटांगणातील यंत्र शाबूत असले, तरी ते चालविणारी फलके व विद्युतघट भिंतीखाली सापडले, तर त्या यंत्राचा उपयोग राहत नाही. येथे दुबळी कडी ठरली ती साधी भिंत.

पुनर्बांधणीसाठी आशियाई विकास बँकेने ५० कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले व त्यात वीजपुरवठ्याच्या कामांचाही समावेश होता. हे साहाय्य मोलाचे होते. तथापि उपकेंद्राची इमारत कशी बांधावी याचे ज्ञान भूकंपापूर्वीही जगात उपलब्ध होते. ते प्रत्येक उपकेंद्रापर्यंत पोहोचले असते, तर पुनर्बांधणीचे काम काही अंशी तरी हलके झाले असते. आपत्तीनंतर येणाऱ्या पैशापेक्षा आपत्तीपूर्वी येणारे ज्ञान अधिक स्वस्त असते, हा भुजचा धडा होय.

सहकार्याच्या संस्था

आज ही देवाणघेवाण अनेक मार्गांनी चालते. मोठ्या धरणांची आंतरराष्ट्रीय संघटना भूकंपविषयक मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध करते. २००७ मध्ये जपानमधील काशिवाझाकी-कारिवा अणुवीज केंद्राला भूकंपाचा धक्का बसल्यानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची तज्ज्ञ पथके तेथे गेली आणि २००८ मध्ये त्या संस्थेने भूकंपसुरक्षेसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले. २०१५ मध्ये जपानमधील सेंदाई येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने जो आराखडा स्वीकारला, त्यात अत्यावश्यक सेवांची हानी कमी करणे हे एक स्पष्ट उद्दिष्ट आहे. भारताने पुढाकार घेऊन २०१९ मध्ये आपत्तीतही टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी आंतरराष्ट्रीय संघटन उभारले. त्याचे सचिवालय नवी दिल्लीत आहे.

आपल्या हाती काय?

गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. आपली बहुतांश वीज सह्याद्री ओलांडून बाहेरून येते. भारतीय मानकाच्या २००२ च्या नकाशात गोवा मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात दाखविलेला आहे. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण निश्चिंत राहण्याचेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, तो प्रदेश त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता.

कार्यालयप्रमुखांनी व आरोग्य केंद्रांच्या अधिकाऱ्यांनी एकदा आपल्या जनित्राकडे जाऊन पाहावे. ते पायाशी जखडलेले आहे काय? त्याचे विद्युतघट बांधलेले आहेत काय? इंधन किती तास पुरेल? वीज प्रथम कोणास द्यावी, याची यादी पंचायतीने आधीच करून ठेवावी व तीत आरोग्य केंद्र आणि पाण्याचे पंप यांना अग्रक्रम द्यावा.

ग्रामस्थांनी स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर उभे व भक्कम आधाराशी ठेवावे. धक्का थांबल्यावर गॅसचा रेग्युलेटर व विजेचा मुख्य खटका बंद करूनच घर सोडावे. गॅसचा वास येत असेल तर कोणत्याही खटक्याला हात लावू नये. सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे. तुटून पडलेल्या तारेत वीज आहे असेच समजून दूर राहावे आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. वायरींची तपासणी झाल्यावाचून मुख्य खटका पुन्हा चालू करू नये.

शिक्षकांनी हा विषय वर्गात मांडताना घरातील दिव्यापासून आरंभ करावा. त्या दिव्याची तार कोठून येते, वाटेत कोणकोणत्या कड्या लागतात आणि त्यांपैकी कोणती ठिसूळ आहे, एवढे मुलांनी शोधून काढले तरी पुरे. कोयनेच्या भेगांपासून जगाने बोध घेतला. कोबेतील आगी आणि भुजच्या पडलेल्या भिंती यांपासून बोध घेणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी आपल्या गावी भूकंप होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.