भुलेखाली उतरणारा रक्तदाब : भाकिते आणि त्यांचा आधार

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावातून पित्ताशयाच्या किंवा आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी जो रुग्ण हिंगोलीला वा नांदेडला नेला जातो, त्याच्या घरच्यांना धास्ती असते ती तो भुलेतून जागा होईल की नाही याची. भूलतज्ज्ञाचे लक्ष मात्र सर्वाधिक खिळलेले असते ते भूल दिल्यापासून पहिला छेद घेईपर्यंतच्या दहा-वीस मिनिटांवर, कारण रक्तदाब एकाएकी उतरण्याची शक्यता याच काळात दाट असते. ही घसरण आधी ओळखता येते का, आणि येत असल्यास कशाच्या आधारे, या प्रश्नावर गेल्या दोन दशकांत विपुल संशोधन झाले असून त्यातील बरेचसे महागड्या यंत्रांभोवती फिरते.

दाब उतरण्याचे मूळ कारण भुलेच्या औषधांच्या गुणधर्मातच आहे. पूर्ण भूल देण्यासाठी आज सर्वत्र वापरले जाणारे प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचे औषध मेंदूला झोपवते, त्याचबरोबर रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करते. त्यामुळे रक्त पायांत व पोटातील शिरांत साचते, हृदयाकडे परतणारा ओघ घटतो आणि हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर टाकते. निरोगी तरुण शरीर हा फरक काही अंशी भरून काढते, पण म्हातारपणी, रक्तक्षयात किंवा शरीरातील पाणी आटलेले असताना ही भरपाई तोकडी पडते. अवयवांना रक्त पोहोचते की नाही हे ठरवताना वरचा आणि खालचा आकडा वेगवेगळा न पाहता त्यांतून काढलेला सरासरी धमनीदाब पाहिला जातो. १२०/८० असा दाब असेल तर ही सरासरी सुमारे ९३ येते. अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकने सुमारे ३३ हजार शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासून २०१३ साली दाखवले की, ही सरासरी ५५ च्या खाली काही मिनिटे जरी राहिली, तरी पुढे मूत्रपिंडाला व हृदयाला इजा झालेली आढळण्याचे प्रमाण वाढते.

तरीही ‘कमी दाब’ म्हणजे नेमका किती, यावर एकमत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच आढाव्यात १३० शोधनिबंधांत मिळून १४० व्याख्या सापडल्या, आणि व्याख्या बदलली की त्याच रुग्णसमूहात दाब उतरण्याचे प्रमाण ५ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत कुठेही जाऊ शकते असे दिसले. ज्या घटनेची सीमाच अशी सरकते तिचे अचूक भाकीत केल्याचा कोणताही दावा सावधपणेच वाचायला हवा.

या प्रश्नाचा एक जुना आणि विसरला गेलेला अध्याय साखरा ज्या मुलखात आहे त्याच्याशी जोडलेला आहे. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी हैदराबाद येथे १८८८ व १८८९ साली निजाम महबूब अली खान यांच्या आश्रयाने क्लोरोफॉर्म या तेव्हाच्या भुलेच्या औषधावर दोन आयोग बसले. तिथल्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी आग्रहाने मांडलेले मत असे होते की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो आणि मगच हृदय, म्हणून भूल देणाऱ्याने नाडीकडे न पाहता श्वासाकडेच पाहावे. दुसऱ्या आयोगासाठी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवले. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले, रक्तदाबाचे आलेख काढले गेले, आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाचा ताल विस्कटून ते अचानक थांबू शकते हे मांजरांवरील प्रयोगांत सिद्ध केले, आणि त्या निष्कर्षाचा पाया ढासळला. हैदराबादच्या प्रयोगांत मोजमापाची उणीव नव्हती; काय घडणार याची खात्री मात्र मोजमापाआधीच पक्की झालेली होती, आणि हा दोष आजच्या संगणकीय भाकितांतही शिरू शकतो.

त्याचे ठळक उदाहरण २०१८ साली पुढे आले. एडवर्ड्स लाइफसायन्सेस या अमेरिकी कंपनीशी संबंधित संशोधकांनी १,३३४ रुग्णांच्या धमनीतील दाबलहरी संगणकाला शिकवून एक निर्देशांक तयार केला, आणि दाब ६५ च्या खाली जाण्याच्या १५ मिनिटे आधी तो ८८ टक्के प्रसंग ओळखतो असे जाहीर केले. २०२० मध्ये ॲमस्टरडॅम येथे ६८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत या इशाऱ्यामुळे कमी दाबाचा काळ खरोखर घटला. त्याच वर्षी क्लीव्हलंडमध्ये २१४ रुग्णांवरील चाचणीत मात्र फरक दिसला नाही. २०२२ साली डेन्मार्कमधील एनेवोल्डसेन आणि व्हिस्टिसेन यांनी मुळातच बोट ठेवले : ‘दाब उतरला नाही’ अशा नमुन्यांत ७५ च्या वरचेच क्षण घेतल्यामुळे मधला, खरा अवघड पट्टा परीक्षेतून वगळला गेला होता, आणि म्हणून हा निर्देशांक बऱ्याच अंशी त्या क्षणीच्या दाबाचेच प्रतिबिंब होता. सरासरी ७२ वर आली की ती ६५ कडे जाण्याचा संभव वाढतो, हे सांगायला धमनीत नळी घालून महागडे संवेदक जोडण्याची गरज नाही; दंडाला बांधलेला दाबमापकाचा पट्टा दर पाच मिनिटांऐवजी भुलेनंतरची पहिली दहा मिनिटे दर मिनिटाला फुगवला, तरी ते समजते.

त्यामुळे लहान शहरांतील रुग्णालयांसाठी साधी भाकितेच मोलाची ठरतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाने ४,०९६ रुग्णांच्या नोंदींवरून २००५ मध्ये दाखवलेल्या धोक्याच्या खुणा अशा : वय ५० वा अधिक, आधीपासूनचे गंभीर आजारपण, भुलेपूर्वीची सरासरी ७० हून कमी, प्रोपोफॉलचा वापर आणि फेंटानिल या वेदनाशामकाची वाढती मात्रा. ही सर्व माहिती प्रश्न विचारून आणि दाब मोजून मिळते. बीपीच्या गोळ्यांचा प्रश्नही याच जातीचा आहे. फ्रान्समध्ये २,२२२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्या शस्त्रक्रियेपर्यंत चालू ठेवणाऱ्यांपैकी ५४ टक्क्यांचा, तर ४८ तास आधी थांबवणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांचा दाब उतरला. नंतरच्या गुंतागुंतीचे प्रमाण मात्र दोन्हीकडे २२ टक्केच राहिले. भाकीत खरे ठरणे आणि रुग्णाचे भले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

मराठवाड्यात याहून दुर्लक्षित असा घटक म्हणजे उपास. आतड्यात अडथळा वगैरे नसेल तर हलके अन्न सहा तास आणि स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत घेण्यास मार्गदर्शक तत्त्वे मुभा देतात. प्रत्यक्षात ‘रात्री बारानंतर काही नको’ एवढेच सांगितले जाते, आणि ज्याची पाळी दुपारी येते तो वृद्ध रुग्ण मे महिन्याच्या उन्हाळ्यात घोटभर पाण्याविना पडून राहतो. अशा रुग्णाचा दाब भुलेच्या आधी पुरेसा दिसतो, कारण शिरा आवळून शरीराने तो टिकवून धरलेला असतो. प्रोपोफॉल तो आधारच काढून घेते. तासांचा हिशेब विचारणे, जीभ व नाडी पाहणे, सलाइन आधी सुरू करणे, औषध हळूहळू व कमी मात्रेत देणे आणि मेफेन्टरमाइन वा फिनाइलेफ्रिन या दाब वाढवणाऱ्या औषधाची सिरिंज भरून ठेवणे ही तयारी तालुक्याच्या शस्त्रक्रियागृहातही शक्य आहे, अट एवढीच की भूलतज्ज्ञाला रुग्ण टेबलावर येण्यापूर्वी भेटायला वेळ मिळाला पाहिजे.

आजवरची बहुतेक प्रारूपे अमेरिका, युरोप आणि सोल येथील रुग्णांच्या नोंदींवर घडली आहेत. शेतमजुरी करणाऱ्या, हिमोग्लोबिन कमी असलेल्या, बीपीची गोळी अधूनमधून घेणाऱ्या रुग्णांना ती कितपत लागू पडतात, हे इथल्याच नोंदी सांगू शकतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला हे काम साध्या कागदी तक्त्यावरही सुरू करता येईल : उपासाचे तास, हिमोग्लोबिन, शेवटची गोळी केव्हा घेतली, आणि भूल दिल्यानंतरच्या वीस मिनिटांतील दर मिनिटाचा दाब.